उंदरात बरं झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

टिपकागद | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी विज्ञानातली नाही, भाषांतरं करून पोट भरते. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझी भाची पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. स्वादुपिंडात चालणारं एक जनुक तिने उंदरात बंद पाडलंय. 'नॉकआउट' म्हणतात म्हणे. अपेक्षा अशी होती की या उंदरांची रक्तातली साखर चढेल. झालं उलटंच. उपाशी उंदराला ग्लुकोज टोचून दोन तास मोजत बसलं, तर तिच्या उंदरांची साखर साध्या उंदरांपेक्षा झपाट्याने खाली येते. मार्गदर्शक खूश आहेत, कारण जनुक बंद केल्याने साखर सुधारत असेल तर पुढे औषधाची वाट दिसते. भाची मात्र नीट झोपत नाहीये. काल फोनवर म्हणाली, "मावशी, इतकं छान दिसतंय ना, म्हणूनच भीती वाटतेय."

तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. 'उंदरांमध्ये अमुक आजार बरा झाला' अशी बातमी आठवड्याला एक येते, आणि पुढे त्याचं काय होतं ते कुणी सांगत नाही. उंदराचं एखादं जनुक काढलं किंवा त्यात माणसाचं जनुक घातलं, तर तो उंदीर माणसाबद्दल खरंच काही सांगतो का? की आपण त्याच्या तोंडी आपल्याला हवं ते घालतो?

शेवटचा बाक | सोमवार, रात्री ९.५२

डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकलं होतं. इथे उंदीर पोखरून डोंगर काढायचा बेत दिसतो.

(हलके घ्या. जागा पकडून ठेवली आहे, जाणकार येऊ द्या.)

वेलांटी | सोमवार, रात्री १०.३०

उलटं झालं म्हणून भाचीने घाबरू नये. या क्षेत्रात अपेक्षेप्रमाणे काही होणं हाच अपवाद. स्नायूंना लाल रंग देणारं, प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन घ्या. १९९८ साली ते नसलेले उंदीर तयार केले. सगळ्यांना वाटलं, हे चार पावलंही चालणार नाहीत. ते मजेत धावले. शरीराने रक्तवाहिन्या वाढवून आणि इतर तजवीज करून ती उणीव भरून काढली होती. प्रिऑन प्रथिनाचंही तसंच. १९९२ साली त्याचं जनुक काढलेले उंदीर जन्मले, दिसायला-वागायला अगदी ठीकठाक. पण पुढच्याच वर्षी त्यांना स्क्रेपी या मेंदूच्या रोगाची लागण करून पाहिली, तर त्यांना तो होईचना. म्हणजे 'काहीच होत नाही' म्हणून ज्यांना बाजूला सारलं असतं, त्याच उंदरांनी सिद्ध केलं की रोगाला शरीराचं स्वतःचं प्रिऑन प्रथिन लागतंच.

उलटतपासणी | सोमवार, रात्री ११.०५

माझं मत आधीच सांगतो, मग दगड मारा. हा सगळा उद्योग सवयीवर चालला आहे. उंदीर लहान, पिल्लं भराभर, पिंजरा स्वस्त. म्हणून उंदीर. दिव्याखाली उजेड आहे म्हणून किल्ली तिथेच शोधायची.

एएलएसचं उदाहरण घ्या, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात तो आजार. १९९४ साली माणसाचं बिघडलेलं सॉड-१ जनुक घातलेला उंदीर तयार झाला. त्याचे पाय हळूहळू लुळे पडतात आणि तो मरतो. मग त्याच्यावर औषधांची रीघ लागली आणि एकामागून एक औषध उंदरांचं आयुष्य वाढवू लागलं. त्यातलं मिनोसायक्लिन ४००हून अधिक रुग्णांना देऊन पाहिलं. २००७ साली निकाल आला: औषध घेतलेल्यांची घसरण उलट जास्त वेगाने झाली. त्या माणसांना कुणी विचारलं का, की तुम्ही उंदीर आहात का?

दशांश | मंगळवार, सकाळी ७.१५

उलटतपासणी, घटना बरोबर आहे, पण दोष भलत्याच्या माथी मारताय. यात उंदरापेक्षा मोजणाऱ्याचा हात मोठा आहे.

२००८ साली एका गटाने याच उंदरांवर ७०हून अधिक औषधं पुन्हा तपासली, या वेळी नीट हिशोब करून. आधी गाजलेल्या औषधांसकट कशाचाच परिणाम दिसला नाही. कारण काय, तर आधीच्या प्रयोगांत उंदीर मोजकेच, आणि नर-मादी प्रमाण सांभाळलेलं नाही. या जातीत माद्या नरांपेक्षा थोड्या जास्त जगतात, म्हणजे औषधाच्या गटात चुकून चार माद्या जास्त आल्या की औषध लागू पडलं! त्यात हे घातलेलं जनुक एकच नसतं, त्याच्या अनेक प्रती ओळीने बसलेल्या असतात. पिढ्या जाता जाता एखाद्या पिल्लात त्यातल्या काही गळतात. प्रती कमी, आजार सौम्य, आयुष्य जास्त. श्रेय पुन्हा औषधाला.

मी आकडेमोडीच्या धंद्यातला आहे. एका गटात आठ उंदीर घेऊन 'लक्षणीय फरक' काढणारे लोक रोज भेटतात. उंदीर बिचारा खोटं बोलत नाही.

रिकामा तास | मंगळवार, सकाळी ७.४०

अवांतर: मराठीत माऊसलाही उंदीर आणि रॅटलाही उंदीरच. रॅटला घूस म्हणावं तर प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या शुभ्र प्राण्याला घूस म्हणायला जीभ वळत नाही.

शेवटचा बाक | मंगळवार, सकाळी ७.४४

१९८२ साली उंदरात रॅटचं वाढीचं जनुक घालून त्याला जवळजवळ दुप्पट मोठं केलं होतं. 'नेचर'च्या मुखपृष्ठावर आला होता तो. म्हणजे उंदराची घूस करून झाली आहे, फक्त मराठी शब्द राहिला.

कापूसकोंड्या | मंगळवार, दुपारी १.२०

धागा आमच्या अंगणात आला म्हणून लिहितो. मी शास्त्रज्ञ नाही. अकरा वर्षं प्राणिगृहात पिंजरे सांभाळले आहेत.

नॉकआउट उंदीर कसा ओळखतात माहितीये? बघून नाही. साध्या उंदरासारखाच दिसतो, चावतोही तसाच. तीन आठवड्यांचं पिल्लू आईपासून वेगळं करताना कानाला छिद्र पाडायचं. छिद्राच्या जागेवरून नंबर ठरतो आणि निघालेला कणभर तुकडा नळीत जातो. त्यातून डीएनए, मग पीसीआर, मग जेलवर पट्टे. एक पट्टा वर असेल तर साधा, एक खाली असेल तर नॉकआउट, दोन्ही असतील तर हेट, म्हणजे एक प्रत शाबूत आणि एक बंद. सगळी पीएचडी त्या नळीवरच्या नंबरावर उभी. मी १४ आणि ४१ च्या नळ्यांची अदलाबदल झालेली पाहिली आहे. तीन महिन्यांनी कळलं. त्या पोराने माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं, चूक त्याचीच असून.

आणि साखरेचं म्हणाल तर ताई, उंदराची साखर म्हणजे उंदराचा मूड. शेपटीच्या टोकाला बारीक चीर द्यायची, थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घ्यायचा, शून्य, पंधरा, तीस, साठ, एकशे वीस मिनिटांना. धरणारा नवखा असला, हात थरथरत असला की उंदीर ताणात येतो आणि पहिलाच आकडा चढा. २०१४ साली तर असंही छापून आलं की खोलीत पुरुष असला, नुसता पुरुषाने घातलेला टी-शर्ट ठेवला, तरी वासाने उंदीर ताणाखाली जातात आणि त्यांना वेदना कमी जाणवतात. बाईच्या वासाने तसं होत नाही. वाचून आमच्याकडे दोन दिवस हसत होते आणि तिसऱ्या दिवशी कोणी कधी काय मोजलं त्याची वही शोधत होते.

अजून एक. आपण उंदरांना २०-२४ अंशांत ठेवतो, आपल्याला घाम येऊ नये म्हणून. उंदराला आरामात राहायला ३० च्या आसपास लागतं. म्हणजे तो जन्मभर कुडकुडतो, ऊब राखायला जास्त खातो, जास्त जाळतो. आणि आपण त्याच्यावर लठ्ठपणा आणि मधुमेह शिकतो!

उलटतपासणी | मंगळवार, दुपारी २.०२

>> आणि आपण त्याच्यावर लठ्ठपणा आणि मधुमेह शिकतो!

माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडल्याबद्दल कापूसकोंड्यांचे आभार.

कापूसकोंड्या | मंगळवार, दुपारी २.१५

अहो, मी खोलीला नावं ठेवली. उंदराला नाही.

वेलांटी | मंगळवार, रात्री ९.३०

उलटतपासणी, आता माझी पाळी. मी मुलांची डॉक्टर आहे आणि एक आजार असा आहे की त्याबद्दल बोलताना मला तटस्थ राहता येत नाही: एसएमए, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी. तीव्र प्रकारात बाळ मान धरत नाही, मग गिळता येत नाही, मग श्वास. शिकत असताना आम्ही आईबापांना एवढंच सांगायचो की याला औषध नाही.

माणसात एसएमएन-१ आणि एसएमएन-२ अशी दोन जवळजवळ जुळी जनुकं आहेत. पहिलं गेलं की आजार होतो. दुसरं असतं, पण त्यातून बनणाऱ्या संदेशातला एक तुकडा बहुतेक वेळा गळतो, त्यामुळे पूर्ण प्रथिन थोडंच तयार होतं. ज्याच्याकडे या दुसऱ्याच्या प्रती जास्त, त्याचा आजार सौम्य.

उंदराकडे दुसरं जनुकच नाही. त्याचं एकुलतं एक काढलं तर भ्रूण अगदी सुरुवातीलाच मरतं. मग २००० साली संशोधकांनी उंदराचं जनुक काढून माणसाचं एसएमएन-२ घातलं. दोन प्रती घातलेली पिल्लं आठवडाभरात गेली. आठ प्रती घातलेली जगली. माणसातलं कोडं पिंजऱ्यात जसंच्या तसं उभं राहिलं! आणि त्या गळणाऱ्या तुकड्याला धरून ठेवणारं औषध तपासायला जागा मिळाली, कारण ते औषध ज्याला चिकटतं तो माणसाचा क्रम साध्या उंदरात नव्हताच. त्या औषधाला, नुसिनरसेनला, अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. आज लवकर निदान होऊन औषध मिळालेली मुलं बसतात, काही चालतात.

गंमत म्हणजे हा उंदीरही हुबेहूब नव्हताच. सौम्य आजाराच्या उंदरांच्या शेपट्या आणि कानांच्या कडा झडतात. माझ्या एकाही पेशंटचे कान झडलेले नाहीत. पण औषध लागू पडतंय का, हे बघायला ती झडणारी शेपूटसुद्धा कामी आली.

रिकामा तास | मंगळवार, रात्री ९.५०

वेलांटीताई, प्रतिसाद दोनदा वाचला. असं काही वाचायला मिळतं म्हणून इथे येतो.

उलटतपासणी | मंगळवार, रात्री १०.४०

मान्य. एसएमएसमोर वाद घालणार नाही. पण एका जनुकाचा आजार आणि एका जनुकाचा उंदीर, हे जुळणारच. मधुमेह, अल्झायमर, नैराश्य यांचं काय? अल्झायमरच्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठी येतात, पण माणसासारख्या पेशी पटापट मरत नाहीत. या उंदरांमधल्या गाठी पुसून टाकणारी लस १९९९ साली गाजली. माणसांवरची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, काहींच्या मेंदूला सूज आली म्हणून. उंदरांना आली नव्हती.

आणि एका जनुकाचं म्हणाल तर सिस्टिक फायब्रोसिस एकाच जनुकाचा की नाही? १९९२ साली तेच जनुक काढलेला उंदीर आला. माणसाची फुप्फुसं चिकट कफाने जातात. या उंदराची फुप्फुसं बऱ्यापैकी ठीक, आणि मरतो आतडं तुंबून!

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ६.१०

निवृत्त माणूस, पहाटे उठतो, त्यामुळे लांबण लागणार.

सिस्टिक फायब्रोसिसचं उदाहरण मी वर्गात वीस वर्षं वापरलं, पण वेगळ्या कारणासाठी. उंदराच्या श्वासनलिकेत क्लोराइड बाहेर टाकायची दुसरी वाट आहे. मुख्य दार, म्हणजे हे जनुक, बंद केलं तरी त्याचं भागतं. ते कळल्यावर 'माणसात अशी दुसरी वाट उघडता येईल का' हा प्रश्न औषधवाल्यांनी उचलला. फुप्फुसांसाठी लोक दुसऱ्या प्राण्यांकडे वळले. २००८ साली हेच जनुक बिघडवलेली डुकरं आली, आणि त्यांना काही महिन्यांत माणसासारखाच फुप्फुसाचा आजार झाला. उंदीर चुकला म्हणू नका. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं, आपण प्रश्न दुसराच समजत होतो.

एएलएसच्या उंदराचंही पुढचं सांगतो. ते बिघडलेलं जनुक एएलएसच्या शंभरातल्या दोनेक रुग्णांतच असतं. त्याच्यावरून उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांचं औषध शोधायला गेलो आणि तोंडावर आपटलो. पण त्या दोघांसाठी, नेमकं तेच जनुक गप्प करणारं टोफरसेन २०२३ साली मंजूर झालं, आणि ते याच जनुकाच्या उंदीर-रॅटमध्ये तपासलेलं होतं.

मारिओ कापेची यांनी १९८० साली उंदराच्या पेशीत हवं ते जनुक नेमकं गाठण्यासाठी अनुदान मागितलं, तेव्हा हे होणं अशक्यप्राय आहे म्हणून परीक्षकांनी तो भाग नामंजूर केला. दुसऱ्या कामाचे पैसे त्यांनी इकडे वळवले. काही वर्षांनी त्याच परीक्षकांनी कळवलं की आमचं ऐकलं नाहीत ते बरं केलंत. २००७ चं नोबेल त्यांना, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना मिळून गेलं. तेव्हा एक उंदीर घडवायला दोन वर्षं जात. क्रिस्पर हे जनुकं कापण्या-बदलण्याचं तंत्र आल्यापासून काही आठवडे पुरतात. माझ्या मते घोटाळा तिथेच आहे: उंदीर करणं सोपं झालं, प्रश्न विचारणं तेवढंच अवघड राहिलं.

आता टिपकागद, तुमच्या भाचीला एक विचारा. मूळ पोस्ट वाचल्यापासून टोचतंय. तिच्या नॉकआउट उंदरांची तुलना ज्या 'साध्या' उंदरांशी केली, ते आले कुठून? त्याच आईची पिल्लं, की विकत आणलेले? आणि दोघांची जात नेमकी कोणती, ब्लॅक-सिक्स जे की ब्लॅक-सिक्स एन?

शेवटचा बाक | बुधवार, सकाळी ८.३०

सूक्ष्मदर्शी काका खून झाल्यावर दिवाणखान्यात सगळ्यांना गोळा करणाऱ्या गुप्तहेरासारखे बोलतायत.

टिपकागद | बुधवार, सकाळी ९.०५

विचारलं. "सगळे ब्लॅक-सिक्सच आहेत गं मावशी" म्हणाली. मग जरा थांबून "नंतर करते फोन" म्हणाली. अजून केलेला नाही.

दशांश | बुधवार, सकाळी ९.२०

अरेरे.

रिकामा तास | बुधवार, दुपारी १२.१०

ती फोन करेपर्यंत एक प्रश्न: करोनाच्या वेळी उंदरांना लागण होत नव्हती असं वाचलेलं. मग लशी कशा तपासल्या?

वेलांटी | बुधवार, दुपारी १.३०

विषाणू पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला धरून आत शिरतो, आणि मूळचा विषाणू उंदराच्या एसीई-२ वर नीट बसत नव्हता. पण २००३ च्या सार्सनंतर आयोवात माणसाचं एसीई-२ घातलेला उंदीर केला होता, २००७ साली. सार्स ओसरला, कुणाला गरज उरली नाही. त्या उंदरांचं गोठवलेलं वीर्य तेवढं उरलं होतं. २०२० मध्ये त्यावरून उंदीर पुरवणाऱ्या जॅक्सन प्रयोगशाळेने ती जात पुन्हा उभी केली. तेरा वर्षांनी! पण तिथेही मेख आहेच: या उंदरांत विषाणू बऱ्याचदा मेंदूत शिरतो आणि ते त्याने मरतात. माणसांचं मुख्य दुखणं फुप्फुसाचं.

उलटतपासणी | बुधवार, दुपारी ३.००

२०१३ साली एका मोठ्या गटाने दाखवलं की भाजणं, मार लागणं, जंतूंचं विष यांना माणसाची जनुकं जसा प्रतिसाद देतात त्याच्याशी उंदराचा जवळपास मेळच नाही. त्याचं काय?

दशांश | बुधवार, दुपारी ३.२५

आणि २०१४ साली दुसऱ्यांनी तीच आकडेवारी, त्याच नियतकालिकात, वेगळ्या निकषाने गाळून दाखवलं की मेळ उत्तम आहे! दोन्ही लेख मी शिकवतो. पहिल्यांनी माणसात बदललेली सगळी जनुकं धरली, दुसऱ्यांनी दोघांतही बदललेलीच धरली. दुसऱ्यांची निवड मला पटत नाही, न जुळणारे आधीच वगळले तर उरलेले जुळणारच. पण पहिल्यांचा 'उंदीर निरुपयोगी' हा सूरही आकडेवारीच्या पुढे गेलेला होता.

कापूसकोंड्या | बुधवार, सायंकाळी ५.४५

त्यात स्वच्छतेचंही आहे. आमचे उंदीर गाळलेल्या हवेत, निर्जंतुक भुश्यावर वाढलेले. २०१६ साली काहींनी त्यांच्यासोबत पाळीव प्राण्यांच्या दुकानातले मळके उंदीर ठेवले. एरवी प्रयोगशाळेतल्या उंदराची प्रतिकारशक्ती नवजात बाळासारखी, ती या सोबतीने मोठ्या माणसासारखी झाली. काही मात्र त्या संगतीने मेलेसुद्धा.

टिपकागद | गुरुवार, रात्री १०.५०

फोन आला. जसं कळलं तसं लिहिते, चुकलं तर सूक्ष्मदर्शींनी दुरुस्त करावं.

नॉकआउट उंदीर मागवले होते ते एका मोठ्या प्रकल्पातले, ब्लॅक-सिक्स एन. तुलनेचे साधे उंदीर विकत आणले, ते ब्लॅक-सिक्स जे. पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर दोन्हीकडे नुसतं 'बी-सिक्स'. ती रुजू व्हायच्या आधीपासून तिथे असंच लिहीत होते.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, सकाळी ५.५५

हेच वाटलं होतं. ही दोन घराणी १९५१ साली वेगळी झाली. नंतर 'जे' घराण्यात एनएनटी नावाच्या जनुकाचा मोठा तुकडा आपोआप गळला. कुणी काढला नाही, कुणाला बरीच वर्षं कळलंही नाही. ते जनुक नसलं की इन्सुलिन कमी स्रवतं आणि साखर हळू उतरते. म्हणजे भाचीचे उंदीर सुधारलेले नसून तिचे 'साधे' उंदीर बिघडलेले असण्याची शक्यता दाट. नकळत नॉकआउट होते ते तुलनेचे! 'एन'वालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत हो, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यात एक जुनं व्यंग आहे. फक्त तिचा विषय डोळा नाही.

तिला सांगा, या खड्ड्यात तिच्या आधी बरेच मोठे लोक पडून गेले आहेत. हेट आणि हेट यांची जोडी लावायची. त्याच पिल्लांत साधे आणि नॉकआउट दोन्ही मिळतील. एक आई, एक पिंजरा, एक घराणं.

उलटतपासणी | शुक्रवार, सकाळी ९.१०

माझ्याकडे तयार टोमणा होता. नाही लिहीत. पोरीची मेहनत मोठी आहे.

कापूसकोंड्या | शुक्रवार, सकाळी ९.४०

ताई, हेट हाताशी असतील तर गर्भ तीन आठवडे, मग चाचणीइतके मोठे व्हायला दहा आठवडे. सव्वातीन महिने धरा. चारातलं एक पिल्लू नॉकआउट, एक साधं, दोन हेट, हे कागदावर. प्रत्यक्षात हवी ती पिल्लं कधीच पुरेशी येत नाहीत. चार जोड्या लावायला सांगा, एकीवर भिस्त नको. आणि चिठ्ठीवर घराणं पूर्ण लिहायचं, शाईने.

शेवटचा बाक | शुक्रवार, सकाळी ९.५८

संपादक, सव्वातीन महिने धाग्याला कुलूप लावू नका.

टिपकागद | चार आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.१५

धागा वर काढते आहे. मार्गदर्शक दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी स्वतःच जुन्या वह्या काढून आणखी दोन विद्यार्थ्यांचे तुलनेचे उंदीर तपासायला घेतले. तिथे काय निघालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चारपैकी एका जोडीला काल सात पिल्लं झाली. भाचीने फोटो पाठवलाय. माझ्या करंगळीच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले, आणि कातडी इतकी पातळ की पोटात प्यायलेल्या दुधाचा पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. मी विचारलं, यातले तुझे कोणते? म्हणाली, तीन आठवडे थांब, अजून कानही उघडलेले नाहीत त्यांचे.